माशाचे इवलेसे हृदय

पाण्यातील प्राणवायू कमी झाला किंवा जीव घेऊन पळावे लागले, तर माशाच्या छातीतले छोटेसे हृदय काय करते? ते कधी मंद चालते, कधी जोराने चालते. असे का होते, हे या पाठात सांगितले आहे.

उन्हाळ्याचे दिवस आहेत. पहाटेची वेळ आहे. गावाबाहेरच्या तळ्यात रोहू, कटला आणि मृगळ हे मासे पाळलेले आहेत. सूर्य अजून उगवलेला नाही. वारा पडला आहे. तळ्याचा राखणदार काठावर येतो आणि जागच्या जागी थबकतो. जिकडे पाहावे तिकडे माशांची तोंडे पाण्याच्या वर आलेली दिसतात. शेकडो मासे तोंड उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. एरवी माणसाची चाहूल लागताच हे मासे खोल पाण्यात पळतात. आज मात्र माणूस अगदी काठावर येऊन उभा राहिला, तरी ते हलत नाहीत.

नवख्या माणसाला वाटेल, मासे भुकेले आहेत. त्यांना खाद्य टाकावे. दुसरा कोणी म्हणेल, मासे आयते वर आले आहेत, जाळे टाकावे. पण जाणता राखणदार यांतले काहीच करत नाही. तो खाद्याच्या पोत्याला हात लावत नाही आणि जाळ्यालाही शिवत नाही. तो धावत जाऊन पंप सुरू करतो आणि पाण्याचे फवारे तळ्यावर उडवू लागतो. मासे पाण्यात असूनही गुदमरत आहेत, हे त्याने ओळखलेले असते.

मासा पाण्यात गुदमरतो, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पण मासाही आपल्यासारखाच प्राणवायूवर जगतो. प्राणवायू म्हणजे ऑक्सिजन. तो हवेत भरपूर असतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. पाण्याची गोष्ट वेगळी आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सव्वापाच मिलिलिटरच्या आसपास प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे हवेतल्या प्राणवायूचा जेमतेम चाळिसावा भाग! शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड असते. असे जड पाणी सतत तोंडात घ्यायचे, कल्ल्यांवरून पुढे ढकलायचे आणि त्यातून थोडासा प्राणवायू काढून घ्यायचा, हे माशाचे रोजचे कष्टाचे काम आहे.

पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. बर्फासारख्या थंड गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये साडेचौदा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तेच पाणी ३० अंशांपर्यंत तापले, तर त्यात साडेसात मिलिग्रॅमच मावतो. गरम पाण्यात माशाचे शरीर मात्र अधिक वेगाने काम करू लागते आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. घरात खाणारी तोंडे वाढावीत आणि त्याच वेळी मिळकत कमी व्हावी, तशी ही स्थिती असते.

पहाटे तर ही टंचाई आणखी वाढते. दिवसा पाण्यातील हिरव्या शेवाळाला आणि सूक्ष्म वनस्पतींना सूर्यप्रकाश मिळतो. त्या आपले अन्न तयार करतात आणि प्राणवायू पाण्यात सोडतात. रात्री प्रकाश नसतो, म्हणून हे काम बंद पडते. पण श्वसन बंद पडत नाही. वनस्पती, मासे, किडे आणि तळाचा चिखल कुजवणारे जिवाणू हे सारे रात्रभर प्राणवायू वापरत राहतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. आदल्या दिवशी आकाश ढगाळ असेल आणि वाराही नसेल, तर धोका अधिकच वाढतो. हवेला लागून असलेल्या पाण्याच्या अगदी वरच्या थरात तेवढा थोडा प्राणवायू शिल्लक असतो. तो मिळवण्यासाठीच मासे तोंड वर काढतात.

आता माशाच्या शरीरात डोकावून पाहू. माशाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना झाकणे असतात. त्यांच्या आत लालभडक कल्ले असतात. कल्ल्यांवर अतिशय पातळ पडद्यांच्या रांगा असतात आणि त्या पडद्यांतून रक्त वाहत असते. पडद्याच्या एका बाजूने पाणी जाते व दुसऱ्या बाजूने रक्त जाते. विशेष म्हणजे या दोघांची दिशा उलटसुलट असते. पाणी एका दिशेने जाते, तर रक्त समोरून येते. त्यामुळे रक्ताला शेवटपर्यंत आपल्यापेक्षा जास्त प्राणवायू असलेले पाणी भेटत राहते. या युक्तीमुळे काही मासे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेऊ शकतात. आपली फुप्फुसे हवेतला सुमारे चौथा हिस्साच घेतात!

कल्ल्यांच्या थोडे मागे, खालच्या बाजूला माशाचे हृदय असते. ते फार लहान असते. एक किलो वजनाच्या साधारण माशाचे हृदय एखाददुसऱ्या ग्रॅमचेच असते. आपल्या हृदयात चार कप्पे असतात. दोन अलिंदे आणि दोन निलये. माशाच्या हृदयात एक अलिंद आणि एक निलय असे दोन मुख्य कप्पे असतात. शरीराकडून आलेले रक्त अलिंदात जमते. अलिंद ते निलयात ढकलते. निलय जोराने आकुंचन पावते आणि रक्त कल्ल्यांकडे पाठवते. निलयाच्या पुढे रबरी फुग्यासारखी ताणली जाणारी एक नळी असते. ती ठोक्याचा जोर झेलते आणि कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांकडे रक्त सारखे वाहत ठेवते.

आपले रक्त एका फेरीत दोन वेळा हृदयात येते. हृदयाच्या उजव्या भागातून ते फुप्फुसांत जाते, तेथे प्राणवायू घेते आणि हृदयाच्या डाव्या भागात परत येते. मग तेथून ते सर्व शरीरात पसरते. रक्त फुप्फुसांतून जाऊन मगच डावीकडे येते, ही गोष्ट तेराव्या शतकात कैरो येथे वैद्यकी करणाऱ्या इब्न अल-नफीस या हकिमांनी लिहून ठेवली होती. पुढे १६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरांनी रक्ताभिसरणावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांनी बेडूक, साप आणि मासे यांची हृदयेही पाहिली होती. या प्राण्यांची हृदये सावकाश चालतात. त्यामुळे ठोक्यात आधी काय होते व नंतर काय होते, हे डोळ्यांना नीट दिसते.

माशाच्या रक्ताचा मार्ग मात्र एकेरी असतो. हृदय, मग कल्ले, मग सारे शरीर आणि पुन्हा हृदय. कल्ल्यांत प्राणवायू घेतलेले ताजे रक्त हृदयाकडे परत न येता थेट मेंदू, स्नायू, यकृत आणि आतडी यांच्याकडे जाते. सगळ्यांनी आपापला वाटा उचलल्यानंतर उरलेला प्राणवायू घेऊन रक्त हृदयात येते. बऱ्याच माशांच्या निलयाची आतली बाजू स्पंजासारखी सच्छिद्र असते. या छिद्रांत शिरलेल्या उरल्यासुरल्या रक्तातूनच हृदय आपल्यापुरता प्राणवायू मिळवते. ट्राउट, सॅमन आणि कुपा यांसारख्या जोमदार पोहणाऱ्या माशांत कल्ल्यांकडून एक वेगळी रक्तवाहिनी हृदयाच्या बाहेरच्या थराला ताजे रक्त पुरवते. पण आतल्या थराला मात्र मुख्यतः उरलेल्या रक्तावरच भागवावे लागते.

एखाद्या घरातील आई सर्वांना जेवू घालते आणि भांड्यात जे उरेल ते शेवटी स्वतः खाते, तसेच माशाच्या हृदयाचे आहे. ते सर्वांना रक्त पोहोचवते, पण स्वतः रांगेत सर्वांत शेवटी उभे राहते. भांडे भरलेले असते, तेव्हा काही अडचण येत नाही. मासा शांत असताना त्याच्या शरीरातून परत येणाऱ्या रक्तात पुष्कळ प्राणवायू शिल्लक असतो. अडचण येते ती टंचाईच्या वेळी.

पाण्यातील प्राणवायू कमी झाला, तर हृदय काय करील, असे तुम्हाला वाटते? आपण उंच डोंगरावर गेलो, तर तेथील विरळ हवेत आपले हृदय जलद धडधडू लागते. मासाही तसेच करील, असे आपल्याला वाटते. पण बहुतेक माशांचे हृदय याच्या अगदी उलट वागते. ते सावकाश चालू लागते. प्राणवायू बराच कमी झाला, तर ठोके कित्येकदा निम्म्यावर येतात.

हे हृदयाचे थकणे नसते. तो शरीराने दिलेला हुकूम असतो. माशाच्या कल्ल्यांवर प्राणवायूची पातळी ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. प्राणवायू घटताच त्या मज्जातंतूंमार्फत मेंदूला खबर देतात. मेंदू दुसऱ्या मज्जातंतूमार्फत हृदयाला कळवतो, "सावकाश चाल!" शास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली आहे. हृदयाकडे येणाऱ्या या मज्जातंतूचा परिणाम त्यांनी औषध देऊन थांबवला. मग प्राणवायू कमी झाला, तरी हृदय पूर्वीसारखे मंदावले नाही. यावरून हा हुकूम मेंदूकडून येतो, हे सिद्ध झाले.

ठोके कमी झाले, म्हणजे शरीराला रक्तही कमी मिळेल, अशी शंका तुमच्या मनात येईल. पण हृदय येथे दुसरी युक्ती वापरते. दोन ठोक्यांमध्ये जास्त वेळ मिळाल्यामुळे ते रक्ताने अधिक भरते. मग प्रत्येक ठोक्याला ते जास्त रक्त बाहेर टाकते. एक उदाहरण घेऊ. विहिरीवरून पाणी आणणारा माणूस लहान घागरीने वीस खेपा करतो. तेवढेच पाणी तो दुप्पट मोठ्या घागरीने दहा खेपांत आणू शकतो. माशाचे हृदयही असेच करते. ठोके कमी होतात, पण घागर मोठी होते. त्यामुळे पुष्कळदा एकूण रक्तपुरवठा फारसा घटत नाही.

सावकाश चालण्याचा हृदयाला स्वतःलाही फायदा होतो. रक्त हृदयात अधिक वेळ थांबते. त्यामुळे स्पंजासारख्या भिंतींना त्यातला प्राणवायू टिपून घ्यायला सवड मिळते. भिंती जरा ताणल्या जातात, म्हणून प्राणवायूला आत शिरण्याचे अंतरही कमी होते. शिवाय घाईघाईने आकुंचन पावण्यात जो जास्तीचा प्राणवायू खर्च झाला असता, तोही वाचतो. यांपैकी कोणता फायदा किती महत्त्वाचा आहे, यावर शास्त्रज्ञांत चर्चा झाली आहे. पण सर्व फायद्यांचा अर्थ एकच आहे. मिळकत कमी झाली, की हृदय आपला खर्च आखडता घेते.

या वेळी शरीराचे इतर भागही मदतीला येतात. मासा अधिक जोराने पाणी तोंडात घेऊन कल्ल्यांवरून सोडू लागतो. शांत असताना कल्ल्यांच्या सर्व पडद्यांतून रक्त वाहत नसते. काही पडदे राखीव असतात. टंचाईच्या वेळी या राखीव पडद्यांतूनही रक्त वाहू लागते. मासा हालचाल कमी करतो आणि खाणेही टाळतो. आपल्या तळ्यातले मासे माणसाला पाहूनही पळाले नाहीत, त्याचे कारण हेच आहे. ते धीट झालेले नव्हते. पळण्यासाठी लागणारा प्राणवायूच त्यांच्याजवळ शिल्लक नव्हता.

आता दुसरा प्रसंग पाहू. पाण्यात प्राणवायू भरपूर आहे, पण माशाला जोराने पोहावे लागत आहे. आधी तुमच्याच शरीरावर एक प्रयोग करा. शांत बसून मनगटाची नाडी एक मिनिट मोजा. मग मैदानाला एक फेरी धावत मारा आणि पुन्हा नाडी मोजा. पहिल्यांदा ७५ ते ८५ ठोके भरले असतील, तर दुसऱ्यांदा ते १४० च्या वरही गेलेले दिसतील. कष्टाच्या वेळी आपले हृदय मुख्यतः ठोक्यांची संख्या वाढवते.

माशाचे हृदय जोराने पोहताना ठोके वाढवतेच, पण त्याचा मोठा भर घागर मोठी करण्यावर असतो. रेनबो ट्राउट हा थंड पाण्यातील मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा आहे. आपल्या देशात काश्मीर आणि हिमाचल प्रदेशात तो पाळतात. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा मासा वाहत्या पाण्याच्या नळीत पोहायला लावला होता. पाणी सुमारे १० अंश सेल्सिअस होते. शांत असताना त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे ३८ होते. सर्व शक्ती लावून पोहताना ते सुमारे ५१ झाले. म्हणजे ठोके जेमतेम एक तृतीयांशाने वाढले. पण प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त दुपटीहून अधिक झाले. त्यामुळे शरीराला मिळणारे एकूण रक्त तिप्पट झाले. याच वेळी माशाची प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या तांबड्या रक्तपेशी रक्तात सोडते. प्राणवायू वाहून नेणारे हमाल वाढतात, असे म्हणा ना!

पण या ठिकाणीच माशाच्या एकेरी मार्गातील उणीव उघडी पडते. पोहणारे स्नायू रक्तातला बहुतेक प्राणवायू काढून घेतात. मग हृदयाकडे परत येणाऱ्या रक्तात फारच थोडा शिल्लक राहतो. म्हणजे हृदयाला जेव्हा सर्वांत जास्त काम असते, नेमका तेव्हाच त्याला सर्वांत कमी प्राणवायू मिळतो. मासा जीव तोडून पळाला, तर त्याचे पांढरे स्नायू प्राणवायूवाचूनही थोडा वेळ काम करतात. पण त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होते. तेही रक्तात मिसळून हृदयाकडे येते. म्हणून दमलेला मासा पुढे कितीतरी वेळ निपचित पडून राहतो. खूप वेळ पाठलाग झालेले काही मासे सुटून गेल्यावरही काही तासांनी मरतात.

आता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या तर? पाणी गरम आहे, त्यात प्राणवायू कमी आहे आणि माशाला जोराने पोहायचेही आहे. टंचाई हृदयाला सांगते, "सावकाश चाल." स्नायू सांगतात, "आणखी रक्त पाठव." हृदयाने कोणाचे ऐकावे? अशा पाण्यात मासा पूर्ण वेगाने पोहूच शकत नाही. त्याची शक्ती लवकर संपते.

कॅनडा देशातील फ्रेझर नदीत हे प्रत्यक्ष दिसून आले आहे. सॉकाय जातीचे सॅमन मासे समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परत येतात. या प्रवासात ते काही खात नाहीत. चिल्को सरोवराकडे जाणारे सॉकाय सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर प्रवाहाच्या विरुद्ध पोहतात आणि हजार मीटरहून अधिक उंची चढतात. २०११ साली शास्त्रज्ञांनी या नदीतील निरनिराळ्या ठिकाणच्या सॉकाय माशांची तुलना केली. ज्यांचा प्रवास अवघड, त्यांची हृदये अधिक मोठी आणि त्यांना ताजे रक्त पुरवणारी व्यवस्थाही अधिक चांगली, असे त्यांना आढळले. पण बळकट हृदयालाही मर्यादा असते. पाणी फार तापले, की ठोके वाढत वाढत शेवटच्या टोकाला पोहोचतात आणि मग त्यापुढे ते वाढत नाहीत. २००४ सालच्या उन्हाळ्यात फ्रेझर नदीचे पाणी फार तापले होते. त्या वर्षी खूप मोठ्या संख्येने सॉकाय मासे अंडी घालण्याच्या जागी पोहोचलेच नाहीत. तापलेले पाणी हे त्याचे एक मोठे कारण मानले गेले. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, असे आपण ऐकतो. त्याचा अर्थ माशाच्या हृदयाला असा कळतो.

काही माशांनी या अडचणीतून वेगळे मार्ग काढले आहेत. युरोपच्या उत्तर भागातील लहान तळी हिवाळ्यात बर्फाने झाकली जातात आणि आतल्या पाण्यातला प्राणवायू संपून जातो. गोल्डफिशचा जवळचा नातलग असलेला क्रुशियन कार्प हा मासा अशा पाण्यात काही महिने जगू शकतो. तो यकृतात साठवलेल्या पदार्थावर गुजराण करतो. त्याच्या शरीरात घातक आम्ल साचत नाही. त्याऐवजी अल्कोहोल तयार होते आणि कल्ल्यांवाटे पाण्यात निघून जाते. प्राणवायू मुळीच नसताना पाच दिवसांनंतरही त्याचे हृदय पूर्वीइतकेच रक्त पुढे ढकलत होते, असे २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

आपल्याकडचा मरळ मासा दुसरीच युक्ती करतो. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा धरून ठेवणारे कप्पे असतात. तो पाण्याच्या वर येऊन सरळ हवेचा घोट घेतो. या कप्प्यांतून प्राणवायू घेतलेले रक्त शरीराकडून येणाऱ्या रक्तात मिसळते आणि हृदयाकडे येते. म्हणजे मरळ माशाच्या हृदयाला रांगेत थोडी पुढची जागा मिळते. म्हणूनच उन्हाळ्यात आटलेल्या, गढूळ डबक्यात रोहू मरतो. मरळ मात्र तग धरतो. पण या सोयीची किंमतही त्याला मोजावी लागते. त्याला पाण्याच्या वर येऊच दिले नाही, तर पाण्यात प्राणवायू असूनही तो गुदमरून मरतो.

आता पुन्हा आपल्या तळ्याकडे वळू. राखणदाराने काय काय केले आणि काय काय केले नाही, याचा अर्थ आता तुम्हाला उलगडेल. त्याने खाद्य टाकले नाही. कारण अन्न पचवण्यासाठी शरीराला जास्त प्राणवायू लागतो. न खाल्लेले खाद्य कुजले, तर तेही पाण्यातला प्राणवायू खाते. त्याने जाळे टाकले नाही; कारण घाबरून धावपळ करणाऱ्या माशांच्या हृदयाला दोन्हीकडून ताण पडला असता आणि जाळ्यात न सापडलेले मासेही मेले असते. त्याने पाण्याचे फवारे उडवले. कारण पाणी थेंबाथेंबांनी हवेतून पडले, की हवेतला प्राणवायू त्यात विरघळतो. तेवढ्यात पूर्वेला उजाडते. वारा सुटतो, पाण्यावर लाटा उठतात. उन्हे वर येतात आणि शेवाळ आपले काम सुरू करते. हळूहळू एकेक तोंड पाण्याखाली जाते. मंद झालेली हृदये पुन्हा आपल्या नेहमीच्या गतीने चालू लागतात.

तुमच्या घरी काचेच्या पेटीत मासे असतील, तर हीच गोष्ट तेथेही लागू पडते. उन्हाळ्यात वीज गेली आणि हवा सोडणारा पंप बंद पडला, तर मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. अशा वेळी काचेवर टिचक्या मारून त्यांना पळवू नका आणि खाद्यही टाकू नका. वाटीने थोडे पाणी घेऊन ते वरून हळूहळू पुन्हा पेटीतच ओतत राहा. तुमचा थोडा वेळ जाईल, पण रांगेत शेवटी उभ्या असलेल्या त्या इवल्याशा हृदयाला त्याचा वाटा मिळेल.

शब्दार्थ
चाहूल : कोणीतरी आल्याची जाणीव
थबकणे : एकदम थांबणे
नवखा : अनुभव नसलेला
टंचाई : कमतरता
कल्ले : माशाचे श्वास घेण्याचे अवयव
आकुंचन पावणे : आखडून लहान होणे
सच्छिद्र : बारीक छिद्रे असलेले
सवड : मोकळा वेळ
निपचित : हालचाल न करता
गुजराण करणे : कसेबसे भागवणे
तग धरणे : टिकून राहणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माशाच्या हृदयात कोणते दोन मुख्य कप्पे असतात?
(आ) तळ्यातील प्राणवायू कोणत्या वेळी सर्वांत कमी असतो?
(इ) मरळ मासा हवा कोठे धरून ठेवतो?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाण्यात प्राणवायू कमी झाल्यावर हृदय सावकाश चालल्यामुळे माशाला कोणते फायदे होतात?
(आ) जोराने पोहताना माशाच्या हृदयाची अडचण का वाढते?
(इ) राखणदाराने माशांना खाद्य का टाकले नाही?

३. वाक्यांत उपयोग करा.
तग धरणे, चाहूल लागणे, खर्च आखडता घेणे, जीव तोडून पळणे

४. करून पाहा.
काचेच्या पेटीतील एखाद्या माशाला न छेडता दूर बसा. त्याच्या कल्ल्यांची झाकणे एका मिनिटात किती वेळा उघडतात, ते सकाळी व दुपारी मोजा. त्याच वेळी पाण्याचे तापमानही लिहून ठेवा. काय फरक दिसला, ते चार-पाच वाक्यांत लिहा.